‘ओके’ युद्धात नाही, टवाळीत जन्मला

हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तर दर चार-सहा महिन्यांनी नव्याने उगवतो. मजकूर साधारण असा: दिवसातून शंभर वेळा ‘ओके’ म्हणता, पण अर्थ ठाऊक आहे का? अमेरिकेच्या यादवी युद्धात रोज किती सैनिक पडले ते फळ्यावर लिहीत. ज्या दिवशी कोणी दगावलं नाही त्या दिवशी ‘झीरो किल्ड’, म्हणजे शून्य आणि ‘के’. तेच आपलं ‘ओके’. खाली जोडपत्र: काहींच्या मते मूळ ग्रीक ‘ओला काला’, तर काहींच्या मते अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे म्हणून. शेवटी हात जोडलेली इमोजी आणि ‘आपली मराठी वापरा’.

मराठी जरूर वापरा. पण त्यासाठी एका शब्दाला तीन-तीन बाप लावायची गरज नाही.

आधी युद्धाचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध चाललं १८६१ ते १८६५. ‘ओ. के.’ ही अक्षरं बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आली २३ मार्च १८३९ रोजी. म्हणजे पहिली गोळी सुटायच्या बावीस वर्षं आधी. वाद इथेच संपतो. शिवाय ज्या युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं गेली, त्यातल्या छावणीत कोणी शून्याला ‘ओ’ म्हणत फळा रंगवत बसेल, ही कल्पनाच जरा नाटकी आहे.

ग्रीक गोष्टीत एक खरा भाग आहे. ‘ओला काला’ हा बोलीतला खराखुरा ग्रीक प्रयोग आहे, अर्थ ‘सगळं छान’. अडचण अशी की अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही. या हिशोबाने ‘ओळखलंत का?’ याचीही आद्याक्षरं ओ आणि क होतात. उद्या कोणीतरी ‘ओके’ नाशिकहून बोस्टनला गेला म्हणून फॉरवर्ड काढेल, आणि तो याच्यापेक्षा जोरात पळेल.

जॅक्सन यांची गोष्ट मात्र मजेदार आहे, कारण ती निव्वळ अफवा नाही, निवडणुकीतली अफवा आहे. १८४० मध्ये विरोधी गटाच्या लोकांनी ती पिकवली: जॅक्सन म्हणे कागदांवर ‘ऑल करेक्ट’ अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं मारत. पुरावा म्हणून पुढे टेनेसीच्या कोर्टातली १७९० ची एक नोंद दाखवली गेली. नीट वाचल्यावर तिथे ‘ओ. के.’ नव्हतंच, ‘ओ. आर.’ होतं, म्हणजे ‘ऑर्डर रेकॉर्डेड’. बोरूच्या एका फाट्याने केवढा घोळ घातला! तलाठ्याच्या हाताचा जुना उतारा ज्याने वाचलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग खरं काय? कोलंबिया विद्यापीठातले ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसल्या आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेख लिहून प्रकरण निकालात काढलं. १८३८-३९ च्या सुमारास बोस्टनच्या छापखानी मंडळींना एक खूळ लागलं होतं. वाक्प्रचार मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचा आणि मग त्या चुकीचीच आद्याक्षरं छापायची. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’, ‘नो यूज’साठी ‘के. वाय.’. ‘ऑल करेक्ट’ची खरी आद्याक्षरं ए आणि सी. त्यांनी केली ओ आणि के. सगळं बरोबर आहे असं सांगणाऱ्या दोन अक्षरांत दोन्ही चूक, हाच विनोद. मराठीत करायचं तर ‘सगळं बरोबर’चं ‘शगळं बलोबल’ करायचं आणि कागदावर नुसतं ‘श. ब.’ ठोकून द्यायचं. कॉलेजच्या कट्ट्यावर शोभेल अशी ही टवाळी.

त्या दिवशीचा ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मधला मजकूरही तसलाच आहे. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन. ‘घंटा वाजवण्याविरुद्ध मंडळ’ असं थट्टेखोर नाव घेतलेली काही मंडळी न्यूयॉर्कला निघाली होती, त्यावरून प्रॉव्हिडन्सच्या एका संपादकाला चिमटा. मंडळी परतताना प्रॉव्हिडन्सवरून आली तर हा गडी वर्गणीची पेटी वगैरे ‘ओ. के.’ ठेवेल आणि बाटल्यांची बुचं उडवेल, अशा थाटाचा. महत्त्वाचं म्हणजे ‘ओ. के.’च्या शेजारीच ‘ऑल करेक्ट’ असा खुलासा छापलेला आहे. बाप स्वतःच जन्मदाखल्यावर सही करून गेलाय.

एक दावा मात्र मी असा उडवून लावणार नाही. चॉक्टॉ या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेत ‘ओके’सारखा उच्चार असलेला, ‘असं आहे’ या अर्थाचा प्रयोग होता. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा या व्युत्पत्तीवर इतका विश्वास की ते स्पेलिंगही त्याच वळणाचं करत. बोलीतले शब्द कागदावर उशिरा येतात, हेही मान्य. तरी चॉक्टॉ प्रदेशापासून बोस्टनच्या त्या ओळीपर्यंतची लेखी साखळी कोणी दाखवलेली नाही, आणि बोस्टनमध्ये अर्थ छापलेला आहे. माझं मत पडतं ते तिकडेच.

बाकीची आद्याक्षरं वर्ष-दोन वर्षांत मेली. ‘ओ. के.’ जगलं ते निवडणुकीमुळे. १८४० मध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. अक्षरं जुळली, न्यूयॉर्कमध्ये समर्थकांचे ‘ओ. के. क्लब’ निघाले. विरोधकांनी लगेच त्याच दोन अक्षरांचे हवे ते वाईट अर्थ लावून दाखवले. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द राहिला. मग तो कारकुनांच्या शेऱ्यात आणि तारयंत्रावर ‘पोचलं’ म्हणून रुळला. १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड यांच्या अंतराळ उड्डाणामुळे ‘ए-ओके’ झाला, २०१९ मध्ये ‘ओके बूमर’ म्हणून म्हाताऱ्यांच्या तोंडावर आपटणारं दार.

फॉरवर्डची खरी चूक मला इथे वाटते. मूळ सापडलं की अर्थ सापडला, असं तो धरून चालतो. पण आपण तरी ‘ओके’ एका अर्थाने कुठे वापरतो? मेकॅनिक ‘गाडी ओके करून ठेवतो’ म्हणतो तेव्हा ती दुरुस्त होते. ‘पिक्चर कसा होता?’ला ‘ओके ओके’ म्हटलं तर तिकिटाचे पैसे वाया गेलेले असतात. बायकोने नुसतं ‘ओके.’ पाठवलं, पूर्णविरामासकट, तर लवकर घरी जावं. ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली. त्यातल्या ‘ओके’च्याही रॉकेलच्या आणि साबणाच्या कहाण्या फिरतात, त्यांची जातकुळी हीच.

आणि २०२२. जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून झालेलं फोनवरचं बोलणं व्हायरल झालं: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, आणि सगळं ओक्के. दोनच महिन्यांत विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधक ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ओरडत होते. कौतुकाचा शब्द आरोपाचा झाला, १८४० च्या न्यूयॉर्कसारखाच. फरक एवढाच की तिकडे अक्षरं फोडावी लागली होती. इकडे नुसतं यमक पुरलं, तेही ‘खोके’शी.