तलावपाळीचा डेमो आणि तलावपाळीचा गेम

अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधली एखादी ओली गल्ली किंवा जुनं रेल्वे स्टेशन अशी क्लिप फिरायला लागली की खाली दोन कमेंट हमखास येतात. एक, "हे खोटं आहे, कॅमेऱ्याने शूट केलंय." दुसरी, "मग एवढे पैसे मोजून घेतलेले गेम असे का दिसत नाहीत? डेव्हलपर आळशी झालेत." दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर अन्यायाची आहे. डेमोत, म्हणजे अशा दाखवायच्या क्लिपमध्ये, कॅमेरा बनवणाऱ्याच्या हातात असतो, गेममध्ये तो तुमच्या हातात येतो. खर्चाचा सगळा हिशेब तिथेच बदलतो.

हा हिशेब मिलिसेकंदांचा आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० चालणार असतील तर ३३.३. प्रकाश कुठून कुठे परावर्तित होतो ते काढणारं अनरियल ५ मधलं ल्युमेन घ्या. कन्सोलवर ६० फ्रेमसाठी त्याचं लक्ष्य साधारण ४ मिलिसेकंदांचं आहे आणि ३० फ्रेमच्या वरच्या दर्जासाठी ८. तेही आतलं चित्र १०८० पी धरून, पुढे ते अपस्केलरने, म्हणजे लहान चित्र मोठं करणाऱ्या तंत्राने, ताणायचं. सावल्या, भूमिती, मटेरियल, धुकं, पाऊस हे सगळं उरलेल्या वेळात बसवायचं. प्रोसेसरलाही तेवढ्याच वेळात पुढच्या फ्रेमची तयारी करून द्यावी लागते.

आता समजा, कुणाला ठाण्याच्या तलावपाळीचा डेमो करायचा आहे. जुलैची संध्याकाळ, रिमझिम, गडकरी रंगायतनच्या बाजूचा फुटपाथ, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, हळूहळू पुढे सरकणारा, एकूण वीस सेकंद. हे आज घरच्या बऱ्या ग्राफिक कार्डावर जमतं. फुटपाथ, कठडा, झाडाचा बुंधा यांचे ढगाळ दिवशी काही शे फोटो काढायचे, त्यांवरून सॉफ्टवेअर त्रिमितीय आकार बनवतं. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साठ-सत्तर टक्के चढलेला असायला हवा. ढगाळ दिवस अशासाठी, की उन्हात काढले तर सावली टेक्स्चरमध्येच, म्हणजे वस्तूवर चढवायच्या चित्रातच, छापली जाते आणि मग संध्याकाळच्या दिव्याखालीही दुपारचीच सावली दिसत राहते. फरशी ओली असताना स्कॅन करू नये. चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते, सॉफ्टवेअरला बिंदू जुळवता येत नाहीत आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा निघतो. म्हणून कोरडी स्कॅन करायची आणि मटेरियलमध्ये रंग गडद करून, रफनेस (खरखरीतपणा) कमी करून ती भिजवायची. वरून मोबाइलसारखी थोडी थरथर, कडांना लेन्सचा बाक, दिव्यांभोवती जास्त झालेला उजेड, किंचित दाणे. इतकं झालं की डोळा फसतो. २०२३ मध्ये 'अनरेकॉर्ड'चा ट्रेलर आला तेव्हा हेच झालं. पोलिसांच्या बॉडीकॅमसारखा लूक पाहून लोक त्याला खोटं म्हणाले, मग बनवणाऱ्यांना तो इंजिनमध्ये उघडून दाखवावा लागला. तो खराच होता, पण खराब कॅमेऱ्याची नक्कल करताना चित्रातल्या उणिवाही आपोआप झाकल्या जातात, हे ध्यानात ठेवायला हवं.

आता याच तलावपाळीवर तुमच्या हातात कंट्रोलर देऊ.

तुम्ही झटकन मागे वळता. अपस्केलर मागच्या फ्रेममधल्या माहितीवर जगतो, आणि नव्याने दिसलेल्या भागाची ती माहितीच त्याच्याकडे नसते. काही क्षण कडा खरखरीत दिसतात. डबक्यात दुकानाच्या पाटीचं सुंदर प्रतिबिंब पडलंय. तुम्ही खाली बघता, पाटी स्क्रीनबाहेर जाते आणि प्रतिबिंब एकदम भरड होतं, कारण त्यातला तपशील स्क्रीनवरच्याच चित्रातून उचललेला होता. झाडाचं तर आणखी अवघड. वस्तूंचे आकार बारीक त्रिकोणांचे बनतात. दगडी कठड्यात कितीही त्रिकोण असोत, ते हाताळणारं अनरियल ५ मधलं नॅनाइट तो सहज पेलतं. पानांचं तसं नाही. एकामागे एक शेकडो बारीक थर येतात, मधे फटी असतात, आणि कार्ड तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा हाताळत बसतं. त्यात वारा आला की आणखी भर. इंजिनमधले सावल्या काढणारे व्हर्च्युअल शॅडो मॅप स्थिर वस्तूंच्या सावल्या साठवून ठेवतात म्हणून परवडतात. पानं हलली की साठा बाद, सावली प्रत्येक फ्रेमला नव्याने काढायची. डेमोवाला फक्त बुंधा दाखवतो आणि झाड फ्रेमच्या वर ठेवतो. गेमवाल्याला ती सोय नाही, तुम्ही वर बघणारच.

रिक्षांचंही तेच. डेमोत दोन रिक्षा जातात. गेममध्ये तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहता, मागे पंधरा रिक्षा तुंबतात, आणि प्रत्येकीचा हेडलाइट हा सावली टाकणारा हलता दिवा असतो. दिवाळी पहाटेची गर्दी दाखवायची तर प्रत्येक माणसाचा सांगाडा, चाल, वाट शोधणं हे बरंचसं प्रोसेसरवर येतं. तिथे महागडं ग्राफिक कार्ड कामाला येत नाही.

कोणत्या मशीनवर डेमो चालला, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. २०११ चा 'समॅरिटन' तीन जीटीएक्स ५८० कार्डांवर दाखवला होता. २०१८ चा रे ट्रेसिंगचा (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याचा) 'रिफ्लेक्शन्स' चार व्होल्टा कार्डांच्या डीजीएक्स स्टेशन या मशीनवर. २०२० चा अनरियल ५ चा पहिला डेमो मात्र पीएस ५ वर होता, बहुतांश १४४० पी आणि ३० फ्रेम. माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक डेमो २०२१ चा 'द मॅट्रिक्स अवेकन्स'. शहरात हजारो गाड्या, आणि तो लोकांना डाउनलोड करून खेळायला दिला. ३० फ्रेमचं लक्ष्य होतं आणि गाडी वेगात पळवली की तेही घसरायचं. ते सगळ्यांना आपल्या टीव्हीवर बघता आलं.

राग धरायचा तर तो 'गेमप्ले' म्हणून दाखवून पुढे कमी देणाऱ्यांवर धरावा. २०१२ च्या ई-थ्री या गेम प्रदर्शनातला 'वॉच डॉग्ज' आणि २०१४ ला हातात आलेला 'वॉच डॉग्ज' शेजारी ठेवून बघा, प्रकाश आणि वातावरणातला फरक लपत नाही. 'इन-इंजिन' (इंजिनमध्येच बनवलेलं) हा शब्दही असाच निसरडा. मूव्ही रेंडर क्यू या व्हिडिओ सावकाश काढून ठेवणाऱ्या सोयीत एका फ्रेमला दहा सेकंद लागले तरी ती क्लिप इन-इंजिनच म्हणवली जाते.

'हेलब्लेड २' (२०२४) हा डेमोच्या सर्वांत जवळ पोहोचलेल्या गेमपैकी एक. कसा पोहोचला? अरुंद, ठरलेली वाट, आला तेव्हा कन्सोलवर ३० फ्रेम, आणि वर-खाली काळ्या पट्ट्या, ज्यांनी जवळपास पाव चित्र काढायचंच वाचतं. तो सौदा मला पटतो. मोकळं शहर, ६० फ्रेम आणि तसंच देखणं चित्र हे तिन्ही एकदम मागणाऱ्यांनी यातलं काय सोडणार ते सांगावं.

ज्यांच्याकडे ४ जीबी मेमरीचं कार्ड असलेला लॅपटॉप आहे, त्यांनी आधी गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या, ग्लोबल इल्युमिनेशन (परावर्तित प्रकाश) आणि व्हॉल्युमेट्रिक (प्रकाश अडवणारं दाट) धुकं एकेक पायरी खाली आणावं. टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत मावतील तेवढेच ठेवा. मेमरी भरली की सरासरी फ्रेम चांगल्या दिसूनही गेम अडखळतो. स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर ४० फ्रेमची मर्यादा लावा. एक फ्रेम २५ मिलिसेकंदांची, बरोबर तीन रिफ्रेशमध्ये बसणारी. ३० आणि ६० यांचा वेळेतला अगदी मध्य. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, नाहीतर गरम झालेलं कार्ड स्वतःच वेग उतरवतं आणि दोष गेमला जातो.

आणि ठाणे-नवी मुंबईतल्या संस्थांत शिकून शोरील (आपल्या कामाची नमुना क्लिप) टाकणाऱ्या मुलामुलींना कळकळीची विनंती. क्लिपखाली कार्ड, रिझोल्यूशन, अपस्केलरचा मोड आणि कॅमेरा सिक्वेन्सरचा (आधी ठरवलेल्या वाटेने फिरणारा) होता की कंट्रोलरवरचा, एवढं लिहा. कोपऱ्यात 'स्टॅट युनिट'चे, म्हणजे फ्रेमला लागणाऱ्या वेळेचे, आकडे चालू ठेवा. शेवटी दहा सेकंद कॅमेरा हातात घेऊन झाडाखाली या, वर बघा, आणि झटकन मागे वळा.