बॅटरीचा सेल संपला म्हणून अख्खा सेन्सर बदला?

गाडी सुरू केली की डॅशबोर्डवरचा, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारा तो पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटलेलाच राहतो. चारही टायरांत हवा बरोबर आहे, गेज लावून तपासली. मागच्या डाव्या चाकातल्या, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सेल मेलाय, आणि त्या नाण्याएवढ्या सेलपायी डोक्याला नुसता ताप झालाय.

हा सेन्सर टायरच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी बसवलेला असतो. सेल त्यात कायमचा बंद. पाच ते दहा वर्षांत तो संपणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, तरी बदलायची सोय नाही. सेन्सर फेका, नवा घ्या. मान्य, आत उष्णता असते, ओलावा असतो, सेल सुटा ठेवणं अवघड असेल. मग विकताना सांगा ना! सनरूफचं कौतुक करून थकला नाही तो सेल्समन, पण याबद्दल चकार शब्द काढला नाही.

बरं, नवा घ्यायलाही मी तयार. तर सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, चारही बदलून टाका, बाकीचेपण जाणारच आहेत." एकाचे साडेचार हजार! टायर काढा-घालायची आणि बॅलन्सिंगची मजुरी वेगळी, आणि एस्टिमेटच्या तळाशी 'प्रोग्रामिंग चार्जेस'. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवलं की नवा सेन्सर आपोआप ओळखतात. म्हणजे हे करता येतं! माझ्या गाडीला मात्र व्हॉल्व्हपाशी मशीन धरून सेन्सर जागा करायचा, मग ओबीडी पोर्टातून, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटमधून, नंबर चढवायचा. काम काही मिनिटांचं, पण मशीन त्यांच्या हातात. अडला हरी!

चौकातला आमचा टायरवाला कामाला चोख. तो म्हणाला, "साहेब, बसवून देतो, पण दिवा विझंल याची गॅरंटी नाय." मशीनच नाही तर त्याचा काय दोष? सेन्सर गाडीशी रेडिओ लहरींनी बोलतो, आणि ऑनलाइन बघावं तर 315 मेगाहर्ट्झ लहरींचे सेन्सरही खपवतात, ते अमेरिकेतल्या गाड्यांचे. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना 433 लागतात, हे विकणारा धड लिहीतही नाही.

आणि ही काही चैनीची वस्तू नाही हो! अमेरिकेत फायरस्टोनचे टायर फुटून माणसं मेली, त्यातून 2000 साली कायदा आला आणि सप्टेंबर 2007 पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे ऑक्टोबर 2020 पासून ही यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर कंपन्यांना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. ज्या सेन्सरच्या भरवशावर स्टेपनी काढली, तोच बदलताना ही अडवणूक?

मे महिन्यात समृद्धीवर काँक्रीट तापलेलं, सलग 120 चा वेग. हवा कमी असलेला टायर दबत दबत आतून तापतो आणि फुटतो. दिवा कायमच पेटलेला असेल, तर दुसऱ्या चाकातली हवा खरोखर उतरल्यावर लक्ष कुणाचं जाणार? लोक त्यावर काळी टेप चिकटवून गाडी हाकतात, मी पाहिलंय. त्यांच्यावर ही पाळी आणली कुणी?

सेन्सरचं आयुष्य पुस्तिकेत ठळक छापा. सुट्या सेन्सरची किंमत उघड लावा. नंबर भरायची सोय त्या भल्यामोठ्या स्क्रीनवर द्या. आतल्या लाइटचे रंग बदलायला तिथे जागा आहे, याला नाही? चार सेन्सरच्या त्या एस्टिमेटवर मी सही केलेली नाही, आणि करणारही नाही.