कुत्र्याला गाडीत न्यायचंय ना, मग नीट न्या की!

पन्हाळ्याच्या घाटात परत तेच, कुत्रं ड्रायव्हरच्या मांडीवर, मुंडकं खिडकीबाहेर, आणि मालक मोबाईलवर व्हिडिओ काढतोय! अरे, करकचून ब्रेक दाबला तर कुठं आपटेल ते? एअरबॅग उघडली तर? मागं बसवा, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालून सीटबेल्टला अडकवा, एवढंबी जमत नाही? आणि रंकाळा तलावावर भर उन्हात कुत्र्याला गाडीत कोंडून, काच बोटभर खाली ठेवून भेळ खायला जाणारे तर डोक्यातच जातात. दहा मिनिटांत आतलं तापमान १० अंशांनी चढतं ओ, बोटभर फटीनं काय होतंय, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते नुसतं धापा टाकतंय, काचेवर सगळी लाळ. सांगायला गेलं तर म्हणे 'पाचच मिनिटं हो'. मग बसा की तुम्हीच आत, काचा लावून!