आवडता रंग: निळा

"बाकीची उत्तरं ठीक आहेत गं, पण सव्विसावं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ही खरी तू!"

काल रात्री मैत्रिणीचा हा मेसेज आला. सव्विसावं उत्तर माझं नव्हतं. चाळीसपैकी एकोणचाळीस माझी, मेंदू पिळून काढलेली, ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासलेली. ती 'ठीक'. आणि पाणी आलं ते एका अनोळखी, अर्धा जबडा बधिर झालेल्या काकांच्या उत्तराने.

तर, तिने चाळीस प्रश्न पाठवले होते. आवडता रंग, आवडतं गाणं, पहिली आठवण, स्वप्नं वगैरे. वर लिहिलं होतं, "इतक्या वर्षांची मैत्री, पण आपण एकमेकींना खरंच ओळखतो का?" आणि खाली, "उद्यापर्यंत दे." माझ्या अक्कलदाढेनेही नेमका तोच दिवस निवडला, त्यामुळे ही परीक्षा मी दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या बाकड्यावर बसून दिली.

शेजारी काका होते. त्यांना इंजेक्शन देऊन 'भूल चढेपर्यंत बाहेर बसा' म्हणून पाठवलेलं. हनुवटीखाली रुमाल, खालचा ओठ एका बाजूने लोंबलेला, आणि दोन्ही डोळे माझ्या फोनमध्ये. फोन तिरका केला की काकाही तिरके.

"निळा?" ते म्हणाले.

हा शब्द स्वच्छ आला, कारण त्यात ओठ लागत नाहीत. प, ब, म यांना ओठ मिटावे लागतात आणि काकांचा ओठ संपावर होता. त्यामुळे पुढचं संभाषण मी दुरुस्त करून देते आहे. एक शब्द मात्र होता तसा ठेवते. 'मैत्रीण'चं त्यांच्या तोंडून 'वैत्रीण' झालं. मला ते पटलं.

"निळा हा कोणाचा आवडता रंग नसतो, ताई. निळा हे उत्तर असतं. कोणी विचारलं की द्यायचं."

मी म्हटलं, "मला खरंच आवडतो."

"तुमच्या अंगावर निळं काय आहे?"

काही नव्हतं. पर्स तपकिरी, चप्पल काळी, फोनचं कव्हर ज्या रंगाचं होतं त्याला नाव नाही. मला राग आला, तो मुख्यतः काकांचं बरोबर असण्याचा. घरी येऊन शोधलं, तर २०१५ साली दहा देशांत लोकांना आवडता रंग विचारला होता आणि दहाच्या दहा देशांत निळाच पहिला आला होता. म्हणजे अर्ध्या जगाला वेळ मारून न्यायची आहे. कार्ल मार्क्सलाही हे चुकलं नाही. १८६५ साली घरच्या मुलींनी त्याला अशीच प्रश्नावली दिली. आवडता रंग? लाल. आता तो बिचारा दुसरं काय लिहिणार होता? पुढे १८६८मध्ये त्याच्या मित्राची, एंगल्सची पाळी आली, तेव्हा त्याने ब्रीदवाक्याच्या जागी 'फार मनावर घेऊ नका' या अर्थाचं काहीतरी लिहून टाकलं. त्या दोघांतला शहाणा कोण, हे मला तेवढ्यावरून कळलं.

आवडत्या गाण्यापाशी मी एक भारदस्त बंदिश लिहिली होती.

"ही शेवटची कधी ऐकलीत?"

मी गप्प.

"पहिली तरी?"

मी ते खोडून दुसरं, तितकंच खोटं पण जरा कमी भारदस्त गाणं लिहिलं. रोज भांडी घासताना जे ऐकते ते लिहिलं नाही. मैत्री कितीही जुनी असली तरी काही गोष्टी मरेपर्यंत लपवायच्या असतात.

मग आली पहिली आठवण. इथे मला आत्मविश्वास होता. लाल रंगाची तीन चाकी सायकल, तिचं एक चाक निखळलेलं, आणि मी मातीत बसून ते चाक फिरवते आहे. वय दीड वर्ष.

"दीड वर्षाचं कोणाला काही आठवत नाही," काका म्हणाले. "कोणीतरी सांगितलेलं असतं."

या माणसाला गप्प करायचंच म्हणून मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, ती सायकल दादाची. तू व्हायच्या आधीच मोडली ती. फोटो आहे ना आपल्याकडे!" फोन स्पीकरवर नव्हता, पण माझ्या आईला स्पीकरची गरज नसते. काकांनी रुमालाने हनुवटी पुसली. हसले असावेत. अर्धाच चेहरा हलत असल्यामुळे खात्री देता येत नाही.

माझी एकुलती एक हक्काची आठवण भावाला परत करावी लागली, तीही दुखऱ्या दाढेच्या साक्षीने. असं होणारी मी एकटी नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. २०१८ सालच्या एका अभ्यासात ६,६४१ लोकांना पहिली आठवण विचारली, तर जवळजवळ चाळीस टक्के लोकांनी दोन वर्षांच्या किंवा त्याही आधीच्या आठवणी सांगितल्या. अभ्यासकांचं म्हणणं, फोटो आणि घरातल्या गप्पा यांतून त्या जमलेल्या असाव्यात. मी सायकल उत्तरात तशीच ठेवली. दादाला कुठे कोणी विचारलंय?

प्रश्न सव्विसावा: पुन्हा पुन्हा पडणारं स्वप्न. मला पडतं ते फोनची बॅटरी संपत आल्याचं. ते लिहिण्यासारखं नाही. मी अडले आणि काकांनी, न विचारता, आपलं सांगितलं.

"परीक्षेचा हॉल. सगळी बाकं रिकामी. पेपर हातात येतो. प्रश्न एकच, 'तुमचं नाव लिहा.' मला ते येत नसतं. मागच्या बाकावर आमची ही. तिला येत असतं. मी वळून विचारतो, तर म्हणते, 'कॉपी करू नका.'"

एवढं बोलायला त्यांना पाच मिनिटं आणि अर्धा रुमाल लागला. त्यांच्या 'ही'बद्दल पुढे काही विचारावंसं मला वाटलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी मात्र टाइप करत होते. 'आमची ही' काढून तिथे 'तू' घातलं, क्रियापदं बदलली. एवढाच माझा वाटा. उरलेली चौदा उत्तरं लिहून पाठवून दिली.

आणि आमच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी! "तुझ्या स्वप्नात मी मागच्या बाकावर असते, हे मला माहीतच नव्हतं गं." मलाही नव्हतं.

मी विचारलं, "तुझी उत्तरं कधी पाठवतेस?"

"माझी? माझी मला माहीतच आहेत की!"

आता मात्र गंमत बाजूला. अशा प्रश्नांचा सगळ्यांत गाजलेला संच म्हणजे मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांच्या १९९७च्या प्रयोगातला. ३६ प्रश्न, पाऊण तास, अनोळखी माणसांच्या जोड्या. जवळीक वाढली, हे खरं. पण त्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनी द्यायचं होतं, आळीपाळीने. एकानेच विचारायचं आणि दुसऱ्याने सांगत सुटायचं, याला पोलिसांकडे वेगळा शब्द आहे. शिवाय हीच यादी तिने आणखी अकराजणींना पाठवली होती, हे मला त्या अकरांतल्या एकीकडून कळलं. वीस वर्षांत माझी दाढ दुखते हेसुद्धा जिला सांगितल्याशिवाय कळत नाही, तिला माझ्या रंगाचं काय करायचं आहे?

काकांना मात्र मी विचारलं होतं. त्यांना आत बोलावलं तेव्हा, पाठमोरं असतानाच. "काका, तुमचा कोणता हो? रंग?" ते दारात थांबले, विचारात पडले, इतके की आतून दुसऱ्यांदा हाक आली.

वीस मिनिटांनी बाहेर आले ते दाढेच्या जागी कापसाचा बोळा घट्ट चावून. आठवणीने माझ्यासमोर थांबले आणि उत्तर दिलं. कापसातून फक्त 'ई' आणि 'आ' एवढंच बाहेर आलं.

हिरवा असेल. पिवळा असेल. पण मधे 'अ' नव्हता, मी नीट ऐकलंय.