तेंका घरात जागा नाय काय?

मुंबईहून कोकणात तळ्याकाठी तंबूत राहायला यायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला निघा. त्याआधी निघालात तर पनवेलच्या पुढे उजेडात पोहोचाल आणि खड्डे दिसतील. मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतो आहे, त्याला तुमच्या शनिवार-रविवारची घाई नाही. मालवण-कुडाळकडे यायचं म्हणजे पाचेकशे किलोमीटर. यायला बारा तास धरा, जायला तेरा, कारण परतताना माणगावात अख्खी मुंबई एकमेकांना भेटते. उरलेल्या वेळातून झोप आणि गाडी लागणाऱ्या मेव्हण्याचे थांबे वजा केले की निसर्गाच्या वाट्याला सात-आठ तास येतात. एवढ्यात माणूस रिफ्रेश होतो म्हणतात. होत असेल.

तळं निवडताना ते कोणालाच ठाऊक नसलेलं निवडा. त्याची किमान दोनशे रील्स तुम्ही आधी पाहिलेली असली म्हणजे झालं. लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या काठी आता एका तंबूच्या दोरीत दुसरा तंबूवाला अडखळतो, म्हणून तर तुम्ही घाट उतरलात. गाडीतून उतरताच कमरेवर हात ठेवून 'वॉव, किती अनटच्ड आहे ना!' असं म्हणा. तळं माणसांनी बांधलंय असं कोणी सांगायला लागलं तर ऐकू नका, मजा जाते. कोकणात पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण उतारावरून आणि जांभ्याच्या भोकांतून तो समुद्राची वाट धरतो. एप्रिल उजाडला की बायकांच्या डोक्यावर हंडा येतोच. म्हणून आमच्या पूर्वजांनी जिथे दोन डोंगर जवळ आले तिथे बांध घातले. मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव 1530 सालचा, विजयनगरच्या काळातला, नागेश देसायांनी बांधलेला. 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन-रचना म्हणून मान्यताही मिळाली. पाचशे वर्षं ज्या पाण्यावर भात पिकतोय त्याला कोणाचा हातच लागला नाही, हे म्हणायला मुंबईहूनच यावं लागतं.

आमच्या गावचं तळं म्हणजे धामापूरचं गरीब नातलग. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तुम्ही हजर. तसे तुम्ही येताच म्हणा, कारण माझ्या चुलतभावानंच काठावर सहा तंबू लावलेत. पाटीवर 'लेकसाइड' लिहिलंय. आम्ही आजवर त्याला 'तळी' म्हणायचो, त्यामुळे पैसे मिळाले नाहीत.

पण तुम्ही स्वतःचा तंबू आणलात तर फार बरं. ऑनलाइन घेतलेला, 'दोन मिनिटांत उभा' असं लिहिलेला. तो अगदी पाण्याला लागून, जिथे गवत आपोआप आखूड दिसतं तिथे ठोका. ते आपोआप आखूड झालेलं नसतं. तिथून रोज म्हशी पाण्यावर उतरतात. पण हे त्या पहाटे स्वतः येऊन सांगतील. आता खुंट्या. पहिली खुंटी अर्धा इंच आत जाईल आणि ठण्ण आवाज येईल. खाली कातळ आहे. दुसरी वाकेल. तिसरी मारताना मेव्हण्याचा अंगठा मधे येईल. मग कोणाला तरी सुचेल की खुंट्या राहू द्या, कोपऱ्यांवर दगड ठेवू. छान कल्पना. सड्याकडचे, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरचे, पसरट दगड दोन्ही हातांनी, मोबाइलच्या उजेडात, बोटं पार खाली घालून उचला. आमच्याकडे या दगडांखाली फुरसं राहतं. दीड-दोन वितीचं असतं, दिसायलाही मातीसारखंच. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं, म्हणजे बिचारं आधी सांगतं. तुम्ही स्पीकर लावलेला असल्यामुळे ते तुम्हाला ऐकू येणार नाही, हा दोष त्याचा नाही.

बूट तंबूच्या बाहेर काढा. आत घाण नको. रात्री त्यांत विंचवाची सोय होते आणि सकाळी पाय घालण्यापूर्वी बूट झटकणं तुमच्या वयाला शोभत नाही. विंचूदंशाची फार काळजी करू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, हजारोंचे प्राण वाचले, 2022 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. मात्र ते औषध द्यायला रात्री दोन वाजता दवाखाना गाठावा लागतो, आणि त्यासाठी फोनला रेंज लागते. रेंज सड्यावर आहे. सड्यावर दगड आहेत. दगडांचं वर सांगितलंच.

शांतता हवी असेल तर ती सोबत घेऊन या, चार्ज करून. काळोख पडला की रातवा 'चक् चक् चक्' करत बसतो, बेडकांचं काही ना काही चाललेलं असतं, लांब कुठेतरी भेकर भुंकतं. इतक्या गोंगाटात माणसानं शांत कसं व्हायचं? ड्रोन असेल तर तोही उडवा. बांधापलीकडच्या सातवीणीच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. नर बिचकून दोन खेपा आला नाही तरी तुमच्या व्हिडिओत तो तसाही दिसणार नव्हता.

शेकोटी हवीच. मार्चमध्ये तर नक्की पेटवा, तेव्हा सड्यावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की काडीपेटीतली दुसरी काडी लागत नाही. शेजारची काजूची बाग कोणाची आहे हे विचारायची गरज नाही, पेटल्यावर मालक आपोआप येतो. चिकन घरूनच मसाला लावून आणा, म्हणजे 'लोकल फूड' चाखलं असं सांगताना अडखळायला होणार नाही. चुलतभावाच्या घरी उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी रोज असते. ती पाहुण्यांनी अजून मागितलेली नाही. सकाळी सहाजणांनी मॅगी मागितली. जेवल्यावर भांडी तळ्यातच घासा. साबणाचा फेस लाटांवर फार सुंदर दिसतो. तेच पाणी पुढे पाटानं काकीच्या वायंगण, म्हणजे उन्हाळी, भाताला जातं, पण तो पाट फोटोत येत नाही.

पोहायचं असेल तर बांधाच्या बाजूनं उडी मारा. तिथे पाणी निळं दिसतं, म्हणजे खोल असणार, एवढं कळायला कोणाला विचारायला नको. गावातला कोणी 'ओ, थंय नको' म्हणून ओरडला तर त्याला हात करा. दुसऱ्या बाजूला गुडघाभर गाळ आणि कमळाचे देठ आहेत. गुरांना धुणारी पोरं तिथे उतरतात, पण त्यांना काय, त्यांना पोहता येतं.

काकीची ओळख राहिली. चुलतभावाची आई, वय सत्तरच्या पुढे. पहिल्या शनिवारी ती कपडे धुवायच्या दगडावरून परतताना थांबली, तंबूतून बाहेर आलेली डोकी मोजली आणि मुलाला विचारलं, "तेंका घरात जागा नाय काय रे? पडवेत झोपाक सांग." त्यानं समजावलं की हे लोक बाहेर झोपण्याचे पैसे देतात. किती, ते त्यानं सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ओला पीळ खांद्यावर टाकून म्हणाली, "मगे माका इतकी वर्सा कोणी सांगूक नाय ता."

निघताना मागे काही ठेवायला संकोचू नका. विशेषतः रिकाम्या बाटल्या. काकी रविवारी संध्याकाळी काठावरून फिरते, बाटल्या गोणीत भरते, घरी नेऊन गरम पाण्यानं धुते आणि खळ्यात उलट्या टाकून वाळवते. त्यांत कोकमाचं आगळ भरून, पुढच्या शनिवारी फाट्यावर टेबल मांडून बसते. मागच्या खेपेला एका बाईंनी बाटली उजेडात धरून निरखली आणि विचारलं, "आजी, घरगुतीच आहे ना? बाहेरचं काही नाही ना?"

"आगळ घरचाच," काकी म्हणाली. "बाटली तेवढी तुमची."