पेवाचं तोंड कुठं आहे, हे घरात किती जणांना माहीत आहे?

परवा भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणी दाढीवाला जंगलात खड्डा खणून प्लास्टिकचा जाड पाइप पुरत होता. पाइपात तांदूळ, काडीपेटी, औषधं, बॅटरी. दोन्ही टोकं बंद करून वर पालापाचोळा पसरला आणि गडी कॅमेऱ्याकडं बघून हसला. "मावशी, आपण बी शेतात आसं करू की," भाचा म्हणाला. असल्या व्हिडिओंचं सध्या पेव फुटलंय. मला हसू याचंच आलं, की हे पेव म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्यात लहानपणी डोकावून बघितलेलं आहे.

औसा तालुक्यातलं आमचं गाव. वाड्याच्या मागच्या अंगणात पेव होतं. जमिनीत खणलेलं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली पोट सुटलेलं. आतून कडब्याचं अस्तर लावून ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती, वरून शेणानं सारवण. कडेची ज्वारी काळी पडायची, तिला आंबूस वास यायचा, ती गुरांना जायची. मधली मात्र वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, आधी दोरीनं कंदील सोडायचा. दाणा बंद जागेत श्वास घेतो, हवेतला प्राणवायू संपतो. त्यामुळंच किडेही मरतात आणि घाईनं उतरलेला माणूसही. कंदील विझला तर पेव दिवसभर तसंच उघडं ठेवायचं.

आता खरी गोष्ट. आमच्याकडं दोन पेवं होती. रझाकारांच्या काळात, 1948 साली, दुसऱ्या पेवावर आजोबांच्या थोरल्या भावानं रातोरात कडब्याची गंज रचली आणि जागा कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, भावालाही नाही. धरून नेलं तर आपल्याशिवाय कुणाच्या तोंडून निघू नये, हा हिशोब. त्या वेळी तो बरोबरच होता. पुढं ते सोलापूरच्या बाजूला निघून गेले आणि तिकडंच तापानं वारले. सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं, गंज मोडली, गुरांनी खाल्ली, अंगण सपाट झालं. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी ते अंगण टिकावानं उकरलं. आजी सांगायची, "पोटात काय न्हाई, आन् आमी आंगण उकरायलाव." सापडलं नाही. मी चौथीत असताना संडासाचा खड्डा घेतला, तेव्हा सापडलं. कोळशासारखे काळे दाणे, हातात घेतले की भुगा.

त्यामुळं "लपवून ठेवा" म्हणणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न हाच असतो: अजून कुणाला माहीत आहे?

दुसरा प्रश्न, कुठं? कारण आमच्या भागावर संकट एकाच दिशेनं येत नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आपली सगळी पुंजी त्या भिंतींच्या पोटातल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळीत. भिंत पडली की माणूसही त्याखाली आणि धान्यही. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरची माणसं वाचली, पण पडवीत एक गाय गेली आणि बळद ढिगाऱ्याखाली. पुढचे काही दिवस आम्ही मामाच्या शेतातल्या पत्र्याच्या कोठ्यावर, म्हणजे शेडमध्ये, काढले. तिथं सालगड्यासाठी ठेवलेलं अर्धं पोतं ज्वारी, रॉकेलचा डबा, ताडपत्री आणि मीठ होतं. कुणी आपत्तीची तयारी म्हणून ठेवलं नव्हतं. घराबाहेर होतं, म्हणून हाताला लागलं.

आणि 2025 च्या सप्टेंबरात नेमकं उलटं. सीना, मांजरा, सिंदफणा पात्र सोडून शेतात आल्या तेव्हा शेतातले कोठेच आधी बुडाले. आमच्या एका नातेवाइकाच्या घरी कणगीतल्या गव्हाला मोड आले. जमिनीत पुरलेलं असतं तर त्याचा लगदा झाला असता. एकच जागा भूकंपालाही चालेल आणि पुरालाही, असं होत नाही, हे त्या पाइपवाल्याला कुणी सांगितलं नसावं.

दुष्काळात तर लपवण्याची गोष्टच वेगळी होते. 2016 चा उन्हाळा मी लातुरात काढलाय. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत लोक बॅरलला कुलपं घालायचे. मी पलंगाखाली वीस लिटरचे दोन जार ठेवले होते, वर चादर सोडलेली. शेजारच्या मावशी एक दिवस तांब्या घेऊन आल्या. घागर नव्हे, तांब्या. मी म्हणाले, "मावशी, आमच्याकडंबी नाही हो." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी एक जार त्यांच्याकडं नेऊन दिला, "टँकर मिळाला" अशी थाप मारून. त्यांना कळलं असणार. लपवलेल्या वस्तूसोबत खोटं बोलायची तयारीही ठेवावी लागते, हे त्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही. साठा करण्याला माझा विरोध नाही, मी आजही करते. पण कुणापासून लपवतोय, हे आधी ठरवावं. चोरापासून, उंदरापासून, स्वतःच्या रोजच्या हातापासून, ठीक. तांब्या घेऊन आलेल्या माणसापासून लपवायला मला परत जमणार नाही.

पैशाचं एक सांगते. सासूबाई गेल्या, आणि 2019 मध्ये त्यांचा हुलग्याचा डबा रिकामा करताना तळाशी पाचशेच्या चौदा जुन्या नोटा निघाल्या. सात हजार. 8 नोव्हेंबर 2016 ला त्या नोटांचा कागद झाला, तेव्हा त्या हयात होत्या. बदलून आणायला सांगितल्या असत्या तर लपवलेलं उघड झालं असतं, म्हणून गप्प बसल्या असाव्यात. आपल्याकडं हे घरोघरी आहे: पुरुष ठेवतो ते बाईला माहीत नसतं, बाई ठेवते ते पुरुषाला.

आता माझी व्यवस्था. एक साठा घरात, एक शेतातल्या कोठ्यात उंच फळीवर, एक लातुरात बहिणीच्या दुसऱ्या मजल्यावर. पत्र्याच्या कोठीत कडक उन्हात वाळवलेली ज्वारी आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. डाळीला एरंडेल चोळलेलं. गूळ, मीठ, ओआरएसची पाकिटं, मेणबत्त्या. टॉर्चमध्ये सेल घालून ठेवायचे नाहीत, ते पाझरून टॉर्च खातात. सातबारा आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स पिशवीत, शिवाय डिजिलॉकरवर जे चढतं ते चढवलेलं. नवी ज्वारी आली की जुनी दळून खायची, हे दरवर्षी. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या घरात आणत नाही. त्यांच्या वायूनं बंद खोलीत झोपलेली माणसं मेलेली आहेत. पेट्रोलचे डबे साठवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या घरी मुक्काम करत नाही एवढंच. आणि इन्सुलिनसारखं औषध पुरून ठेवता येत नाही, त्याला गारवा लागतो. त्यासाठी वीज गेली तर जायचं कुणाच्या फ्रिजकडं, हे आधी बोलून ठेवलंय.

तिन्ही जागा तीन माणसांना माहीत आहेत, त्यातला एक जण दुसऱ्या घरात राहतो. भावानं सुरुवातीला नाक मुरडलं, "बायकोला सांगितलं की गावाला सांगितलं." मी त्याला संडासाच्या खड्ड्याची आठवण करून दिली. त्यानं सांगितलं. वहिनीनं गावाला सांगितलं नाही, उलट कोठीत चहापत्ती नव्हती ती तिनंच आणून ठेवली.

राहता राहिली आई. तिच्या कमरेला एक किल्ली आहे, घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. विचारलं की म्हणते, "सांगते की, दिवाळीला." अशा तीन दिवाळ्या झाल्या.