हळदीच्या तेलात कर्क्युमिन कुठून येणार?

हळदीच्या तेलावरील हा लेख वाचनीय आहे. मात्र तेलाच्या जंतुरोधक गुणाचे सारे श्रेय त्यात कर्क्युमिनला, म्हणजे हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्याला, दिले आहे, ते दुरुस्त व्हायला हवे. कर्क्युमिन वाफेबरोबर उडून येत नाही, त्यामुळे वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात ते जवळपास नसतेच. कंदाच्या तेलात मुख्यतः टर्मेरोन गटातील संयुगे असतात. वसमतकडे हळद शिजवताना कढईवरचे झाकण काढले की जो उग्र वास शिवारभर पसरतो, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ही संयुगे जिवाणूच्या पेशीपटलातील स्निग्ध थरात शिरून ते कमकुवत करतात. स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंवर हा परिणाम सहसा अधिक दिसतो, कारण ई. कोलायसारख्यांना बाहेरून आणखी एका आवरणाचे संरक्षण असते. अर्थात प्रयोगशाळेतील बशीत वाढ थांबली म्हणून जखमेवर थेट तेल लावण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

पाल्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याची खंत वाटते. पानांच्या तेलात बहुधा अल्फा-फेलँड्रीन या सुगंधी संयुगाचे प्रमाण जास्त असते, आणि आपल्याकडे काढणीआधी कापलेला हाच पाला बांधावर पडून वाळतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हिंगोली-नांदेडच्या शेतांतील पाल्याचे तेल काढून तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.